कोऱ्या डिस्कवर आधीच बरंच लिहिलेलं असतं

दुकानातून आणलेली ब्लँक सीडी कोरी नसते. तिच्या प्लास्टिकच्या पोटात, आतून बाहेर गोल फिरत जाणारी एक अखंड खोबण कारखान्यातच उमटवलेली असते. दोन वेढ्यांमधलं अंतर जेमतेम दीड मायक्रॉन. ८० मिनिटांच्या सीडीवर असे सुमारे २२ हजार वेढे बसतात. ही खोबण उलगडून सरळ केली तर तिची लांबी भरते जवळपास ५.८ किलोमीटर. घाटकोपर स्टेशनात एक टोक धरून दुसरं रुळांच्या कडेने ओढत नेलं, तर ते विक्रोळी ओलांडून कांजूरमार्गापर्यंत पोचेल. डीव्हीडीची खोबण आणखी बारीक. तिचे पावणेबारा किलोमीटर भांडुप, नाहूर करत मुलुंडला टेकतात. आणि ब्लू-रेचे २७ किलोमीटर ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा मागे टाकून डोंबिवलीच्या तोंडाशी जातात. तिन्ही डिस्क मात्र १२ सेंटिमीटरच्याच, तळहातावर मावणाऱ्या.

खरी गंमत पुढे आहे. सीडीची ही खोबण जाता जाता किंचित थरथरत जाते. दोन्ही बाजूंना फक्त ३० नॅनोमीटर, पण इतक्या नियमाने की डिस्क ठरल्या वेगाने फिरू लागली की त्या थरथरीतून सेकंदाला २२,०५० कंपनांचा संकेत उमटतो. रायटर त्यावरून मोटरचा वेग सांभाळतो. हा संकेत मधून मधून जरासा चढतो, जरासा उतरतो, आणि त्या चढउतारात मजकूर भरलेला असतो: लेसर आत्ता कितव्या मिनिटावर आणि सेकंदावर आहे, डिस्क एकूण किती मिनिटांची आहे, लिहिताना किती जोर लावायचा, आणि ही डिस्क कोणाच्या कारखान्यात जन्मली. भरवशाची डिस्क निवडायची तर सुरुवात या शेवटच्या गोष्टीपासून करावी लागते. वेष्टनावर छापलेलं नाव त्यामानाने फार थोडं सांगतं.

आता सीडी कोण मारतं, असं कोणी विचारील. घाटकोपरमध्येच नजर टाकली तर उत्तर मिळतं. एमआरआय काढून आलेल्या पेशंटच्या पिशवीत फिल्मबरोबर अजूनही कागदी पाकिटातली सीडी निघते. पोलिसांना सीसीटीव्हीचं चित्रण द्यायचं तर अनेकदा सीडीवर द्यावं लागतं. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत वर्षानुवर्षं प्रोजेक्टच्या ‘ब्लॅक बुक’च्या मागच्या पुठ्ठ्याला सीडीचा खिसा चिकटवलेला असायचा. आणि साधारण २००० ते २०१२ या काळात पंतनगर, भटवाडी, असल्फा, रमाबाई नगर इथे जी लग्नं लागली, बारशी झाली, सोसायटीच्या गणपतीत नाटुकली झाली, त्यांची चित्रणं सीडी-डीव्हीडीवरच घरी आली. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या सीडी मांडलेल्या असत. मोठ्या कंपनीची सीडी साच्यातून छापलेली असते, पण साचा बनवण्याचा खर्च शेकड्यांनी प्रती काढल्याशिवाय परवडत नाही. त्यामुळे एखाद्या वस्तीतल्या गायनपार्टीने मोजक्या प्रती काढल्या असतील, तर त्या बहुधा रायटरवर मारलेल्या असतात. ओळखायला सोपं आहे. डिस्क उलटी करून पाहा. खालची बाजू निव्वळ चंदेरी असेल तर छापलेली. निळसर, हिरवट किंवा सोनेरी झाक असेल तर लेसरने लिहिलेली. ही दुसरी जात काळाला लवकर बळी पडते, आणि एकुलत्या एका प्रतीत जपलेल्या गोष्टी नेमक्या तिच्यावरच असतात.

लेसरने लिहायचं म्हणजे काय होतं? खोबणीवर एका सेंद्रिय रंगद्रव्याचा अतिपातळ थर असतो, त्यावर चांदीचा किंवा सोन्याचा आरसा, आणि त्यावर लाखेसारखा एक पापुद्रा. वाचताना लेसर अगदी मंद असतो. लिहिताना तो तेवढ्याच बिंदूवर कित्येक पटींनी भडकतो. रंगद्रव्य अडीचशे अंशांच्या आसपास तापून मोडतं, खालचं प्लास्टिक जरासं फुगतं, आणि त्या ठिकाणचा आरसा मंदावतो. वाचणाऱ्या लेसरला तिथे अंधार दिसतो. सगळं गाणं, सगळं लग्न, सगळा एमआरआय म्हणजे अशा उजेड-अंधाराच्या पट्ट्या. मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट ही, की सीडीवर या पट्ट्या केवळ नऊच लांब्यांच्या असतात. सर्वांत आखूड पट्टी मायक्रॉनहून कमी, सर्वांत लांब तीन मायक्रॉनच्या आसपास. या नऊ मापांत लता मंगेशकरही मावतात आणि गुडघ्याचा एक्स-रेही.

आणि ही मापं पाळावी लागतात भन्नाट वेगात. ५२एक्सने, म्हणजे मूळ वेगाच्या ५२ पटीने, लिहिणारा ड्राइव्ह डिस्कला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतो. कडेची जागा तेव्हा ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने लेसरखालून सरकत असते, आणि सर्वांत आखूड पट्टी आखायला लेसरला मिळतात सुमारे १३ नॅनोसेकंद. तेवढ्यात पेटायचं आणि वेळेवर विझायचंही. रंगद्रव्य जरा जास्त तापलं की पट्टी लांबते, कमी तापलं की पुसट राहते. म्हणून प्रत्येक वेळी लिहिण्याआधी रायटर तालीम करतो. डिस्कच्या अगदी आतल्या कडेला शंभर चाचण्यांपुरती जागा राखून ठेवलेली असते. तिथे तो वेगवेगळ्या जोराने थोडं थोडं लिहून पाहतो, स्वतःच वाचतो, आणि या डिस्कला, या तापमानात, किती जोर लागेल ते ठरवतो. आपण बटण दाबल्यावर पहिले काही सेकंद काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हा आत ही तालीम चाललेली असते.

चांगल्या आणि वाईट डिस्कमधला फरक इथेच पडतो. थर सगळीकडे सारख्या जाडीचा असेल, आरसा एकसंध असेल, खोबण नेमकी असेल, तर आतल्या कडेला काढलेला अंदाज बाहेरच्या कडेपर्यंत टिकतो. थर कडेला पातळ झालेला असेल तर शेवटची दहा मिनिटं बिघडतात. लग्नाच्या सीडीत पंगतीपर्यंत सगळं ठीक चालतं आणि पाठवणीला चित्र अडकू लागतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. खोबण आतून सुरू होते, त्यामुळे शेवटचा भाग डिस्कच्या कडेला येतो, आणि कड हीच सर्वांत दुबळी जागा.

रंगद्रव्यांच्या तीन जाती प्रसिद्ध आहेत. सायनाइन, थॅलोसायनाइन आणि अ‍ॅझो. ट्यूबलाइटखाली डिस्क तिरकी धरली की पुष्कळदा जात ओळखू येते. सायनाइन चांदीवर निळसर आणि सोन्यावर हिरवं दिसतं. थॅलोसायनाइन इतकं फिकट असतं की चांदीवर किंचित पोपटी छटा तेवढी जाणवते, आणि सोन्यावर तर सोनंच दिसतं. अ‍ॅझो गर्द निळं. काही कंपन्या मुद्दाम काळं किंवा रंगीत प्लास्टिक वापरतात, म्हणून डोळ्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नये. टिकाऊपणात थॅलोसायनाइन आणि सोनं यांची जोडी सर्वांत सरस. कॅनडाच्या संवर्धन संस्थेने दिलेले अंदाज असे: थॅलोसायनाइन आणि सोन्याचा आरसा असलेली सीडी १०० वर्षांहून जास्त, थॅलोसायनाइन आणि चांदी ५० ते १००, अ‍ॅझो आणि चांदी २० ते ५०. चांदीच्या आरशाच्या साध्या डीव्हीडी-आरला त्यांनी फक्त १० ते २० वर्षं दिली आहेत. हे आकडे व्यवस्थित हवामानात, नीट लिहिलेल्या डिस्कचे आहेत, हे विसरून चालणार नाही. सोनं महाग, पण गंजत नाही. चांदीला हवेतला गंधक आणि ओलावा दोन्ही बाधतात.

आता जन्मठिकाणाकडे. सीडीवर निर्मात्याची खूण वेळेच्या रूपात लिहिलेली असते, ही कल्पना मला अजून मोहून टाकते. खोबणीतल्या संकेतात सुरुवातीची म्हणून एक वेळ दिलेली असते, आणि ती प्रत्येक कारखान्याला वेगळी नेमून दिलेली. ९७ मिनिटं २४ सेकंद आलं तर जपानची तायो युदेन. ९७ मिनिटं २६ सेकंद आणि साठाच्या पुढची फ्रेम (सेकंदाचा बारीक तुकडा) असेल तर तैवानची सीएमसी मॅग्नेटिक्स. ९७ मिनिटं ३४ सेकंद आणि विशीतली फ्रेम म्हणजे मित्सुबिशी केमिकल, जी आपली डिस्क व्हर्बेटिम नावाने विकायची. आणि ९७ मिनिटं १७ सेकंद म्हणजे आपली मोझर बेअर. एवढंच नव्हे, फ्रेमच्या शेवटच्या आकड्यातून रंगद्रव्याचीही जात कळते. ० ते ४ असेल तर सायनाइनच्या पद्धतीने लिहायचं, ५ ते ९ असेल तर थॅलोसायनाइनच्या. मोझर बेअरची सीडी ‘९७-१७-०६’ दाखवते, म्हणजे थॅलोसायनाइन. तायो युदेनची ‘९७-२४-०१’ दाखवते, म्हणजे सायनाइन. हे वाचायला प्रयोगशाळा लागत नाही. इम्गबर्नसारखा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडून ब्लँक डिस्क ड्राइव्हमध्ये सरकवली की उजव्या बाजूच्या मजकुरात ही ओळ येते. डीव्हीडीवर वेळेऐवजी सरळ अक्षरांचा कोड असतो. ‘एमसीसी ००४’ हा मित्सुबिशीचा, ‘युदेन०००’ हा तायो युदेनचा, ‘सीएमसी मॅग’ हा सीएमसीचा, ‘एमबीआयपीजी१०१’ हा मोझर बेअरचा.

घाटकोपरच्या माणसाला मोझर बेअरबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण त्या काळात इथल्या घराघरांत तिच्या डिस्क होत्या, बऱ्याचदा दुसऱ्याच नावाने. दीपक पुरी यांनी १९८३ मध्ये दिल्लीत ही कंपनी काढली ती वेळ नोंदवणारी यंत्रं बनवायला, एका स्विस आणि एका जपानी कंपनीच्या साथीने. १९८८ मध्ये ती फ्लॉपीकडे वळली, आणि १९९९ मध्ये तिने लिहिता येणाऱ्या सीडीचा मोठा कारखाना उभारला. नोएडा आणि ग्रेटर नोएडाच्या कारखान्यांतून निघालेल्या डिस्क जगभर गेल्या, आणि काही वर्षांतच जगातल्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. व्हर्बेटिमच्या काही डिस्कही तिथेच बनत. वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘मेड इन इंडिया’ असे. २००७ च्या सुमारास तिने सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या, तेव्हा फुटपाथवरच्या चोरट्या प्रतींपेक्षा अस्सल प्रत घेणं परवडू लागलं. मला त्या धाडसाचं आजही अप्रूप वाटतं. पुढे कर्जाचा बोजा वाढत गेला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश झाला. जपानच्या तायो युदेनने त्याआधीच, २०१५ च्या अखेरीस, हा धंदा सोडला होता. १९८८ मध्ये पहिली लिहिता येणारी सीडी घडवली ती याच कंपनीने. व्हर्बेटिम हे नाव २०१९ मध्ये मित्सुबिशीकडून सीएमसीने घेतलं. ब्लू-रेच्या ब्लँक डिस्क बनवणं पॅनासोनिकने २०२३ मध्ये आणि सोनीने २०२५ मध्ये थांबवलं.

या इतिहासाचा खरेदीशी थेट संबंध आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी एकाच ब्रँडचे दोन स्पिंडल (दांड्यावर रचलेल्या ब्लँक डिस्कचे डबे) लॅमिंग्टन रोडवरच्या एकाच गाळ्यातून घेतले, तरी एकातल्या डिस्क नोएडाच्या आणि दुसऱ्यातल्या तैवानच्या निघू शकत. ब्रँड डिस्क विकत घ्यायचा, त्यावर आपलं नाव छापायचा. म्हणून ‘अमुक कंपनीची घ्या, बिनधास्त चालते’ या सल्ल्याला तेव्हाही फारसा अर्थ नव्हता. जो कोड बघायचा तो स्पिंडल उघडल्यावरच दिसतो, ही अडचण खरी. तिच्यावर उपाय एकच: आधी एक छोटा पॅक किंवा एक सुटी डिस्क घ्यायची, कोड पाहायचा, लिहून तपासायची, आणि पसंत पडली तर त्याच लॉटमधून जास्त घ्यायच्या. नामांकित कोड चोरून आपल्या हलक्या डिस्कवर उमटवणारे कारखानेही होते, त्यामुळे कोड हा पुरावा झाला तरी शेवटचा निकाल तपासणीचाच.

जुना साठा मिळाला तर? कुठल्यातरी दुकानात अजून प्लास्टिक न फोडलेला मोझर बेअरचा डबा सापडला की जुन्या लोकांना मोह होतो, आणि तो मी समजू शकतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने, ‘निस्ट’ने, २००३ मध्ये सीडी-डीव्हीडीच्या जपणुकीवर एक पुस्तिका काढली. तिच्यात न लिहिलेल्या डिस्कचं आयुष्य सावधपणे ५ ते १० वर्षं धरलं आहे. लिहून झालेल्या डिस्कपेक्षा कोरी डिस्क अधिक नाजूक, कारण तिचं रंगद्रव्य अजून लेसरची वाट पाहत असतं आणि उष्णता, उजेड त्याला आधीच बदलू लागतात. तेव्हा जुना स्पिंडल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, आणि आपल्या कपाटात तर मुळीच साठवून ठेवू नये. लागेल तेवढी ताजी डिस्क घ्यावी.

आज नव्याने घ्यायचीच असेल तर माझा कल असा. कागदपत्रं, फोटो, आवाज यांना सीडी पुरत असेल तर सीडी घ्यावी; ७०० मेगाबाइटचीच असली तरी तिच्यातल्या खुणा मोठ्या, म्हणून ती क्षमाशील. चित्रणाला डीव्हीडी लागते, तर व्हर्बेटिमची अ‍ॅझो रंगद्रव्याची, आणि डीव्हीडी-आर व डीव्हीडी+आर यांत पर्याय असेल तर ‘+आर’. पुन्हा पुन्हा पुसता येणारी ‘आरडब्ल्यू’ जपणुकीसाठी वापरू नये. ब्लू-रे घेणाऱ्याने वेष्टनावर ‘एलटीएच’ ही अक्षरं दिसली तर ती डिस्क परत ठेवावी. त्या जातीत सेंद्रिय रंगद्रव्य असतं, तर मूळ जातीच्या ब्लू-रेमध्ये धातूंसारखे अजैविक थर असतात. अमेरिकेत ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या संशोधनातून निघालेली ‘एम-डिस्क’ याच कल्पनेला टोकाला नेते. तिच्यात रंगद्रव्याऐवजी दगडासारखा टणक थर असतो आणि लेसर तो वितळवून खूण करतो. हजार वर्षांचा दावा तिच्या निर्मात्यांचा. रंगद्रव्याच्या क्षयातून ती सुटते हे मात्र खरं, आणि मुंबईत तेवढंही फार मोलाचं आहे.

कारण मुंबईची हवा. त्याच निस्टच्या पुस्तिकेत साठवणुकीला तापमान ४ ते २० अंश आणि आर्द्रता २० ते ५० टक्के सांगितली आहे. घाटकोपरला जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि तेव्हा तापमान विशीच्या खाली येत नाही. पावसाळ्यात चपला, पट्टे, बॅगा यांच्यावर पांढरी बुरशी चढते त्याच कपाटात लग्नाच्या डीव्हीडीही असतात. ओलावा लाखेच्या पापुद्र्यातून आणि कडेच्या फटीतून आत शिरतो आणि आरशाला डाग पडतात. जुन्या सीडी उजेडासमोर धरून पाहाव्यात. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले तर आरसा विरू लागला आहे. बुरशीचा नाजूक धाग्यांसारखा जाळीदार डाग आला असेल तर तो मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावा, गोल फिरवून कधीच नाही. गोल ओरखडा खोबणीच्याच वाटेने जातो आणि सलग मजकूर खातो. आडवा ओरखडा प्रत्येक वेढ्याला फक्त एकदा छेदतो.

सीडीची वरची बाजू खालच्यापेक्षा नाजूक असते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. खाली १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक आहे. वर आरशावर लाखेचा पापुद्रा, बस्स. बॉलपेनाने तिथे ‘प्रियाचं लग्न, भाग २’ असं दाबून लिहिलं की आरसाच दुमडतो. डीव्हीडी दोन पातळ तबकड्या चिकटवून केलेली असते आणि मजकूर मधोमध असतो, म्हणून वरच्या ओरखड्यांना ती सीडीइतकी भीत नाही. पण डब्यातून काढताना वाकवली तर चिकटवण सुटते. मधला खटका दाबूनच काढावी. नाव पाण्याच्या शाईच्या मार्करने, शक्यतो मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक भागावर लिहावं. कागदी स्टिकर लावू नये. तो एका बाजूला फुगला की फिरताना डिस्क डुगडुगते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांच्या वह्यांपेक्षा कडक डबी बरी, उभी ठेवलेली, माळ्यावर नव्हे, बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नव्हे, आणि बाहेर ऊन पडणाऱ्या खिडकीजवळ तर नव्हेच. डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पावसाळ्यानंतर बदलावी.

आता एका विलक्षण गोष्टीकडे येतो, जी डिस्कला वाचवतेही आणि आपल्याला फसवतेही. १९६० मध्ये अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी पाच पानांचा एक निबंध लिहिला. चुकीच्या वाचलेल्या अक्षरांवरून मूळ अक्षरं परत मिळवण्याची त्यांची रीत सीडीत वापरली आहे. मजकुराच्या एकेका छोट्या गठ्ठ्यातले (यालाही फ्रेमच म्हणतात) २४ बाइट शेजारी शेजारी न लिहिता पुढच्या शंभराहून अधिक फ्रेममध्ये विखुरले जातात, आणि त्यांच्यासोबत ताडून पाहायला जादा बाइट दिले जातात. त्यामुळे खोबणीच्या दिशेने अडीच मिलिमीटरचा सलग डाग पडला तरी ड्राइव्ह हरवलेला प्रत्येक बाइट जसाच्या तसा मांडू शकतो. सीडी वाजताना सेकंदाला कित्येक चुका दुरुस्त होत असतात आणि कानाला काहीही कळत नाही. मानकच सांगतं की सेकंदाला २२० चुकांपर्यंत चालेल. डेटा सीडीला याच्यावर दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. व्हीसीडीच्या चित्रणाला हा शेवटचा थर नसतो. त्या जागेत जास्त चित्र भरलेलं असतं. म्हणून एकाच वेळी मारलेल्या दोन सीडींपैकी फोटोंची चालते आणि लग्नाची व्हीसीडी आधी अडकते.

फसगत होते ती इथे. डिस्क कुजत असते, चुका २० वरून १००, १०० वरून २०० होत असतात, आणि गणित त्या सगळ्या झाकत असतं. पडद्यावर चित्र स्वच्छ. मग एका पावसाळ्यात चुका गणिताच्या आवाक्याबाहेर जातात आणि डिस्क एकाएकी उघडत नाही. ‘परवापर्यंत नीट चालत होती’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. म्हणून डिस्क चालते का हे पाहण्याने काही कळत नाही. चुका किती हे मोजावं लागतं. लाइट-ऑनसारखे काही ड्राइव्ह ही संख्या सांगतात, आणि नीरो डिस्कस्पीडसारखे प्रोग्रॅम तिचा आलेख काढतात. आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत आलेख जमिनीलगत सपाट राहिला तर डिस्क उत्तम. शेवटाकडे उभा चढला तर ती आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवावी. नवी डिस्क लिहिल्याबरोबर एकदा आणि मग दर दोन-तीन वर्षांनी असा आलेख काढला तर बिघाड बराच आधी दिसू शकतो.

लिहिण्याच्या वेगाबद्दल एक गैरसमज घट्ट आहे: जितकं हळू तितकं चांगलं. जुन्या डिस्कना ते लागू होतं. १६एक्सच्या डीव्हीडीचं रंगद्रव्य मात्र वेगवान लेसरसाठीच बेतलेलं असतं; तिला २एक्सने लिहिलं तर उलट चुका वाढतात. १६एक्सच्या डीव्हीडीला ८, ५२एक्सच्या सीडीला १६ ते २४ हा मधला वेग मानवतो. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ला नाही म्हणू नये. आणि खरोखर मोलाचं काही असेल तर त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या कारखान्यांच्या डिस्कवर. एका लॉटमध्ये दोष असेल तर दोन्ही एकदम जाऊ नयेत.

डिस्कचं वजन किती असू शकतं, याचं एक उदाहरण जालन्याचं आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. खोतकर यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतला गेला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता, आणि त्याला आधार होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या व्हीसीडींचा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडायच्या प्रमाणपत्राशिवाय त्या ग्राह्य धरायच्या का, हा प्रश्न औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेला. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने असं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. या प्रकरणात मात्र गोरंट्याल यांनी ते मिळवायची सगळी खटपट केली होती आणि अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं, म्हणून त्यांना सूट दिली. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या प्रमाणपत्रात फाइलचं ‘हॅश’ही (तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेला आकडा) लिहावं लागतं. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हॅश पूर्ण वेगळं येतं. घरच्या डिस्कलाही ही सवय लावावी: लिहिण्याआधी फाइलींचं हॅश काढून त्याची छोटी फाइल डिस्कवरच ठेवावी. दहा वर्षांनी सगळं जसंच्या तसं आहे का, हे मग अंदाजाने सांगावं लागत नाही.

आणि जी डिस्क आता उघडतच नाही ती? लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हने हात टेकले म्हणून ती फेकू नये. प्रत्येक ड्राइव्हचा लेसर, भिंग आणि दुरुस्तीची तऱ्हा वेगळी असते. जुन्या डेस्कटॉपचा धडधाकट ड्राइव्ह पुष्कळदा तीच डिस्क गुपचूप वाचतो. डेटा सीडी किंवा डीव्हीडी असेल तर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम एका ड्राइव्हवर जे मिळेल ते उतरवून घेतो आणि कुठले सेक्टर वाचता आले नाहीत त्याचा नकाशा लिहून ठेवतो. मग तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालायची, तोच नकाशा द्यायचा. आता तो फक्त राहिलेल्या जागांवर प्रयत्न करतो. एका ड्राइव्हला जे जमलं नाही ते दुसऱ्याला, दुसऱ्याला नाही ते शेजाऱ्याकडच्या तिसऱ्याला, असं करत करत एकही ड्राइव्ह पूर्ण वाचू न शकलेली डिस्क संगणकावर पूर्ण उतरू शकते. व्हीसीडीला हाच खेळ आयसोबस्टरने खेळावा लागतो, कारण तिच्या सेक्टरांची मांडणी वेगळी. यात रात्र जाते, कधी दोन. प्रयत्नांच्या मध्ये डिस्क थंड होऊ द्यावी, वाचनाचा वेग कमी ठेवावा, आणि पहिल्या ड्राइव्हचा नकाशा पुसू नये.